खिंडीच्या अलीकडे बंद पडते

ता. ३ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही दचकला असाल. वकिलांकडे सह्या झाल्यापासून आपलं काही बोलणंच नाही. तुमच्या मुलाची बायको राहिले नाही म्हटल्यावर तुम्हाला 'बाबा' म्हणायचं की नाही, हे वकिलांना विचारायचं राहून गेलं. 'श्रीयुत' लिहून पाहिलं, पण ते वाचून मलाच हसू आलं. हे पत्र आवडलं नाही तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन. उत्तर आलं तर मात्र फार बरं वाटेल, हेही सांगून टाकते.

काम असं आहे की मी एक जुनी जीप घेतली आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठी. इथल्या जनावरांच्या दवाखान्याला सरकारी गाडी आहे, पण ती मागच्या अंगणात विटांवर उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या राहतात. कोंबड्यांना हलवायला वरून परवानगी लागते म्हणे. खिंडीच्या पलीकडे वरच्या कुरणांवर मेंढपाळांची वस्ती आहे. त्यांच्या शेळ्या-मेंढ्यांना लस द्यायची ती खिंडीत बर्फ पडायच्या आत. एकदा बर्फ पडलं की थेट वसंतापर्यंत वाट बंद. माझ्याआधीचे डॉक्टर वर गेलेच नाहीत आणि मागच्या हिवाळ्यात निम्मा कळप मेला. हे मला आमच्या कंपाउंडरने सांगितलं, आणि सांगून तो चहा प्यायला निघून गेला.

आता गाडीचं. आणल्या आणल्या तिला आंघोळ घातली. आत उंदरांची घरटी, बाहेर चिखलाचे थर. सगळं खरवडलं, जिथे उघडं दिसलं तिथे बंद केलं, लोंबणाऱ्या तारा बांधल्या, सीटा शिवल्या. जनावर स्वच्छ ठेवलं की निम्मं दुखणं जातं, म्हणून एवढी मेहनत घेतली. तरी दोन तक्रारी आहेत. एक, सकाळी झटक्यात सुरू होते, सपाटीवर छान पळते, पण चढ लागला की थोड्या वेळाने खोकते, आचके देते आणि बंद पडते. जरा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. दोन, गिअरबॉक्स. चालवून आणली की खाली तेलाचं थारोळं. चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. खिंडीपर्यंत मी अजून एकदाही पोचलेले नाही.

इथे ट्रॅक्टरवाला मिस्त्री आहे. तो म्हणतो, विकून टाका. तुम्ही काय म्हणता?

आईंना नमस्कार सांगा. सांगण्यासारखं वाटलं तरच सांगा.

तुमची,
(सही काय करावी कळत नाही)


ता. ११ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी सही कुणी मागितली नव्हती, त्यामुळे माझ्यापुरतं काही बदललेलं नाही. सही करायची तर सून म्हणून कर. हा विषय संपला.

जीप घेतलीस हे वाचून मी आधी कपाळाला हात लावला आणि मग सुट्या भागांच्या दुकानात जाऊन दोघातिघांना सांगून आलो. बसडेपोत गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं, पण घरातल्या कुणी कधी इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आमच्या चिरंजीवांना तर स्कूटरचा प्लग कुठे असतो ते ठाऊक नाही. बायकोला तर नाहीच नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेव. एका वेळी एकच दुखणं बघायचं. सगळं एकदम उघडून बसलीस तर मिस्त्री म्हणतो तेच खरं होईल. आधी इंजिन. खोकून बंद पडते याचा अर्थ तिला प्यायला मिळत नाही. कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलने धू. पेट्रोलची जाळी साफ कर. मग इंजिनावरचा पंप बघ. चढावर इंजिन तापतं, तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही इंजिनाला पचत नाही. बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाक. फडक्याने सुरू झाली तर दोष सापडला. आणि बंद पडल्यावर तू नक्की काय काय करतेस ते सगळं लिही, काही गाळू नकोस.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकतोय, तेव्हा डोळे तुझे वापरावे लागतील.

पुढचं पत्र घरी नको, सुट्या भागांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. आमच्या नव्या पोस्टमनचा भरवसा नाही.

तुझा,
बाबा


ता. २० सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न.

तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. कार्ब्युरेटर धुतला. एक बारीक स्क्रू गवतात पडला, तो शोधण्यात दुपार गेली. जाळीत माती होती, ती काढली. पोस्टमनचं वाचून वाईट वाटलं. आधीचा फार चांगला होता.

बंद पडल्यावर काय करते ते लिहिते. बंद पडली की आधी मी दोन शिव्या देते. कुणी ऐकायला नसतं. मग मागच्या चाकांना दगड लावते. मग टाकीचं झाकण उघडून आत काठी घालून पेट्रोल किती आहे ते बघते, कारण काटा मेलेला आहे. पेट्रोल असतंच. मग पंपावर ओलं फडकं टाकते, थर्मासमधला चहा पिते आणि किल्ली फिरवते. बाबा, फडक्याने जादू झाली! पूर्वी उभी ठेवावी लागायची, आता चहा संपायच्या आत सुरू होते. परवा तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा हेच केलं, तिन्ही वेळा सुरू झाली. खिंडीच्या खालच्या वळणापर्यंत गेले होते. तिथून पुढे मात्र ती दुसरी तक्रार आडवी आली. इंजिन ओरडतंय आणि गाडी ढिम्म. उलट्या गिअरमध्ये हळूहळू मागे आले.

संध्याकाळी दवाखान्यात कुणी नसतं. खोलीत एक टेबल, एक खाट आणि एक स्टोव्ह. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं गाडीबद्दलचं एकदाच.

तुमची,
सून


ता. २९ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

बघ! फडकं म्हणजे फडकं. पंप बदलायची गरज नाही, पंप आणि इंजिनाच्या मध्ये पत्र्याचा एक आडोसा बसव, म्हणजे आच लागणार नाही. इंजिनाचं प्रकरण मिटलं असं समज. दुकानात मी तुझ्या पत्रातला मजकूर वाचून दाखवला. शिव्यांचा भाग सगळ्यांना आवडला.

आता गिअरबॉक्स. तिथे गोष्ट सरळ आहे. तेल खाली पडतं तसं पुढेही झिरपतं, ते जातं क्लचवर. क्लचला तेल लागलं की तो निसटतो. साबणाच्या ओल्या हाताने दोरी पकडून बघ, तसं. म्हणून इंजिन ओरडतं आणि चाकांना काही कळत नाही. आता तेल का पडतं? सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, म्हातारी झाली म्हणून. सोबत पार्सलने पुढचं आणि मागचं अशी दोन्ही सीलं पाठवतोय. मिस्त्रीकडून गिअरबॉक्स उतरवून घे, क्लचच्या प्लेटा धुऊन घे, सीलं बदल. बसवताना सीलाची पातळ कड, म्हणजे ओठ, आतल्या बाजूला, तेलाकडे. उलटं बसवलंस तर सगळं मुसळ केरात.

पार्सलवर नाव दुकानाचं आहे. चकित होऊ नकोस.

तुझा,
बाबा


ता. १२ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न.

सीलं पोचली. मिस्त्री आधी 'विकून टाका' म्हणाला, मग बाह्या सरसावून कामाला लागला. गिअरबॉक्स उतरवायला आम्हाला चार माणसं लागली. कंपाउंडर पाचवा, तो कंदील धरून उभा होता. ओठ आतल्या बाजूला. मी स्वतः बघितलं, मिस्त्रीने बघितलं, कंपाउंडरनेही बघितलं.

पहिली फेरी कोरडी गेली. मी आनंदाने मिस्त्रीला जेवायला घातलं. दुसऱ्या फेरीला, खालच्या वळणापर्यंत जाऊन आल्यावर, पुन्हा थारोळं. नव्या सीलांमधून. क्लच पुन्हा निसटतोय.

आणि ओलं फडकंही चालेनासं झालं आहे. परवा निघताना टाकी काठोकाठ भरून घेतली होती. पहिल्याच चढाला बंद पडली. टाकी भरलेली माहीत होती म्हणून काठी घालून बघायचा प्रश्न नव्हता. फडकं टाकलं, चहा प्याले, दुसरा चहा प्याले. ढिम्म. आडोसाही बसवलेला होता. शेवटी एका बैलगाडीने ओढत आणली. बैल माझ्याच ओळखीचे निघाले.

वरून एक मेंढपाळ मिठासाठी खाली आला होता. म्हणाला, डोंगरमाथ्यावर सकाळी पांढरं दिसायला लागलं आहे. एका मेंढीच्या तोंडाला फोड आलेत. मला विचारलं, येणार ना? मी हो म्हटलं.

पुढे काय करू?

तुमची,
सून


ता. १९ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

नवं सील गळत नाही. नवं सील गळलं याचा अर्थ एकच, ते उलटं बसलं आहे. तुम्ही सगळ्यांनी कंदिलाच्या उजेडात काय बघितलंत देव जाणे. आणि फडक्याने तीनदा चाललेली गाडी चौथ्यांदा चालत नाही, म्हणजे तू फडकं नीट भिजवलं नसशील. मी सांगतो एक, तुम्ही करता भलतंच, आणि मग पत्र लिहिता की जमत नाही.

नसेल जमत तर नसेल जमत. त्यात कमीपणा काय आहे? आमचा म्हणतच होता, ती दोन महिन्यांत सामान बांधून परत येईल. जीप विकून टाक आणि खालच्या गावात बदली माग.

बाबा


ता. २ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न.

सील सुलटंच बसवलं आहे. फडकंही नीट भिजवलं होतं.

तुमच्या मुलाने काय भाकीत केलं होतं ते कळवल्याबद्दल आभारी आहे. ते मला तेव्हाच तोंडावर सांगून झालं होतं. तुमच्या पत्रात वाचेन असं वाटलं नव्हतं. इतक्या दिवसांत मला खरोखर रडू आलं ते ह्या एका ओळीने.

माथ्यावर पहिलं बर्फ पडून वितळलं. आता पडेल ते राहील.

सून


ता. ७ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. दुकानदाराने विचारलं, काय म्हणते जीप? मी म्हटलं, जीप काही म्हणत नाही.

मुलाचं वाक्य मी लिहायला नको होतं. राग तुझा नव्हता. मला दोष सापडत नव्हता. डेपोत गाडी समोर उभी असायची, हात लावला की कळायचं. इथे कागदावर हात फिरवून काय कळणार? रात्रंदिवस तेच डोक्यात, सील नवं आहे तर तेल बाहेर ढकलतंय कोण? आणि सापडत नाही म्हटल्यावर मी तुझ्यावर खेकसलो. म्हातारपणी माणसाची जीभ तेवढी धडधाकट राहते.

सील सुलटंच असणार. तू म्हणतेस ना, मग सुलटंच. मला खरंच कळत नाहीये, हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितोय. विकू नकोस. बदली मागू नकोस. आणखी काय लिहू? तू वर जावंस असं मला फार वाटतं.

तुझा,
बाबा


ता. ८ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर यायची वाट न बघता लिहितेय, कारण राहवत नाही. भांडण तूर्त बाजूला ठेवू.

काल दुपारी एक गाय आणली. ओला चारा भरमसाट खाल्लेला, डावी कूस टम्म फुगलेली, बोटाने वाजवली तर ढोलासारखी वाजत होती. डोळे पांढरे करायला लागली होती. पोटफुगीला अशा वेळी एकच उपाय. कुशीत पोकळ सुई खुपसली. फुस्स करून हवा निघाली, कंपाउंडर लांब पळाला, आणि गाय उभ्या उभ्या रवंथ करायला लागली. मालक माझे पाय धरायला वाकला आणि मी मात्र सुईकडे बघत राहिले.

तुम्ही विचारलं होतंत ना, तेल का पडतं? पोट बंद असलं तर आतली हवाच ते बाहेर ढकलते, बाबा. आणि पोट मीच बंद केलं होतं.

तशीच धावत जाऊन गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक चिमुकली टोपी आहे, तिला भोक आहे. होतं. गाडी आणली तेव्हा मला ते उघडं दिसलं. उघड्या भोकातून घाण आत जाते आणि जखम चिघळते, हे आमच्या हाडीमांसी भिनलेलं! खुराच्या भेगा भरायचं लुकण माझ्याकडे डबाभर असतं, मी ते त्या भोकात छान थापून ठेवलं होतं. सगळीकडेच थापलं होतं. पहिल्या पत्रात तुम्हाला फुशारकीने लिहिलंही, 'जिथे उघडं दिसलं तिथे बंद केलं.' खूर कोरायच्या चाकूने ते लुकण उकरलं. गाडी नुकतीच फिरवून आणलेली होती. फुस्स! अगदी गाईसारखं. गरम तेलाचा वास आला. गाडीखाली पडल्या पडल्या मी एकटीच हसत सुटले.

मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण आठवलं. त्याच्या मधोमध सुईएवढं छिद्र होतं, तिथून वास यायचा, तेही मी बुजवलेलं. पेट्रोल खाली उतरायचं, त्याच्या जागी आत हवाच जात नव्हती, मग ते उतरायचं थांबायचं. दरवेळी काठीने पेट्रोल बघायला मी झाकण उघडत होते आणि हवा आत शिरत होती. आपण दोघं मात्र ओल्या फडक्याची आरती करत बसलो होतो. टाकी भरलेली होती त्या दिवशी झाकण उघडलंच नाही आणि बैल बोलवावे लागले.

मिस्त्री क्लचच्या प्लेटा पुन्हा धुतोय. तो म्हणाला, डॉक्टरीणबाई, माणसांच्या दवाखान्यात नाही गेलात हे बरं झालं.

तुमची,
सून


ता. १४ नोव्हेंबर

चि. डॉक्टर यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की दुकानदाराने पाणी आणून दिलं. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! मी तुला कार्ब्युरेटर विचारला, जाळी विचारली, पंप विचारला, सील विचारलं. भोकं बुजवलीस का, एवढं विचारायचं राहिलं. पण उभ्या जन्मात कुठल्या मेकॅनिकने ते विचारलं नसतं. आमच्या डेपोत माणसं तेल घालायला विसरायची, झाकण लावायला विसरायची, एकाने तर चाकाचे नट लावायचं विसरून बस रस्त्यावर काढली होती. पण गाडीचा श्वास कोंडणारं मला आजवर कुणी भेटलं नाही. आणि ते शोधून काढलंसही तूच. मी नाही. हे मी दुकानातही तसंच सांगितलं.

आता दुसरं. 'सूनबाई' न लिहिता वर 'डॉक्टर' लिहिलं ते तू पाहिलं असशील.

आमच्याचं लग्न ठरलं आहे. मुलगी चांगली आहे, त्याच्याच ऑफिसात आहे. पुढच्या महिन्यात घरी येईल. पोस्टमनचा बिचाऱ्याचा काहीही दोष नव्हता. मला तुझी पत्रं येतात हे घरी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे. ही खिसा तपासत होती धुवायच्या आधी, आणि तुझं गाईचं पत्र निघालं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, नवी पोरगी या घरात पाऊल टाकणार आणि तिचा सासरा लपूनछपून आधीच्या सुनेला पत्रं लिहिणार, हे तिला कळलं तर तिने काय समजायचं? हिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

शिवाय गाडी चालू झाली. म्हणजे लिहायला कारणही राहिलं नाही. मला फार वाईट वाटतंय. एवढं वाईट मला सह्या झाल्या तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मला वाटलं होतं की ते तुमच्या दोघांचं प्रकरण आहे.

चढताना घाई करू नकोस, पहिल्याच गिअरमध्ये जा. खिंड ओलांडून उतरताना गिअर काढून सोडू नकोस, ब्रेक तापतील. लस द्यायच्या आधी हात गरम करून घे. एवढं मला इंजिनाबाहेरचं कळतं.

बाबा


ता. २३ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानाच्या नाही, घरच्या पत्त्यावर पाठवतेय. आईंनी आधी उघडलं तर उघडू दे. आई, तुम्हाला नमस्कार. यात लपवण्यासारखं काही नाही, वाचून मग बाबांना द्या.

लग्नाचं मला आधीच ठाऊक होतं. तुमच्या मुलाने दसपट सभ्य भाषेत एक पत्र पाठवून मला कळवलं होतं, तुमच्या त्या उलट्या सीलाच्या पत्राच्याच आठवड्यात. तुम्ही कसं सांगता याची मी वाट बघत होते. तुम्ही सांगत नव्हतात आणि मी विचारत नव्हते. त्यांचं भलं व्हावं असं मला खरंच वाटतं. वाईट वाटलं ते तुमच्या ह्या मागच्या पत्राने.

मी वर जाऊन आले. पहिल्या गिअरमध्ये, तुम्ही सांगितलंत तशी. जिथे बैल आले होते ती जागा गेली, मग खालचं वळण गेलं, मग खिंड आली. गाडी एकदाही खोकली नाही. माथ्यावर थांबून खाली वाकून बघितलं, कोरडं होतं. दोन्ही बाजूंना बर्फ होतं, वाटेवर नव्हतं. कंपाउंडर लसीची पेटी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता. पोचल्यावर म्हणाला, झोप लागली होती.

वस्तीवरचा सगळा कळप काढला. तोंडाला फोड आलेल्या मेंढ्या वेगळ्या बांधल्या, बाकीच्या सगळ्या टोचून झाल्या. आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिंड बंद झाली. आता वसंतापर्यंत वरचं काही कळणार नाही, पण ह्या वेळी ते वर आपापल्या लसीसकट आहेत.

लस देताना शेळ्या धरायला एक म्हातारी होती. दात नाहीत, पण पकड अशी की शेळीला हलता येत नव्हतं. तिचं सगळं लक्ष जीपकडे. म्हणाली, ही तर खाली वळणावर बंद पडते ती गाडी ना? कुणी दुरुस्त केली?

म्हटलं, मी आणि माझ्या सासऱ्यांनी मिळून.

"आणि नवरा काय करतो?"

"नवरा नाही."

"मेला?"

"नाही हो, चांगला धडधाकट आहे. माझा नाही, एवढंच. दुसरं लग्न करतोय."

तिने शेळीची मान तशीच पकडून ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "नवरा नाही, आणि सासरा आहे?"

"आहे," मी म्हटलं.

मग म्हणाली, "बरं आहे की," आणि पुढची शेळी माझ्यापुढे आणून उभी केली.

तुमची,
सून